नोकरी सांभाळून राहिलेलं बीकॉम पूर्ण करताना : नाशिकच्या अकाउंट्सवाल्यांसाठी

अंबड-सातपूरच्या कारखान्यांची ऑफिसं, कॅनडा कॉर्नर आणि शरणपूर रोडवरच्या सीएंच्या कचेऱ्या, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या पेढ्या, पिंपळगाव-लासलगावच्या कांद्याच्या आडती. अशा ठिकाणी टॅली हातचा मळ असलेली, जीएसटीचं रिटर्न स्वतः भरणारी, पण बीकॉम अर्धवट राहिलेली माणसं भरपूर आहेत. काम येतं, पगारही मिळतो, पण बढतीचा, बँकेच्या परीक्षेचा किंवा सीए इंटरच्या थेट प्रवेशाचा विषय निघाला की गाडी 'पदवी आहे का' इथे अडते. अशा माणसाने काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे हमखास घोळ होतो, ते इथे दिलं आहे.

पहिली सूचना अशी की नवीन प्रवेशाचा फॉर्म लगेच भरू नका. आधी जुनं रेकॉर्ड काढा. राहिलेलं बीकॉम म्हणजे नेमकं काय राहिलंय, हे बहुतेकांना नीट माहीत नसतं. 'टीवायला सुटलं' म्हणणाऱ्या माणसाचे प्रत्यक्षात एसवायचे दोन विषयही बाकी असतात. कधी उलटही होतं. तीन वर्षं झाल्यासारखं वाटतं आणि खरं तर एका विषयावर पदवी अडलेली असते.

जुन्या खात्याची जुळवणी

बँक रिकन्सिलिएशन करताना आपण पासबुक आणि कॅशबुक समोरासमोर ठेवतो, तसंच इथे करायचं. एका बाजूला त्या वेळचा अभ्यासक्रम, म्हणजे कोणत्या वर्षाला कोणते विषय होते ते. दुसऱ्या बाजूला तुमची सगळी गुणपत्रकं, नापास झालेलीसुद्धा. प्रत्येक विषयासमोर तीनपैकी एक खूण करा : पास, नापास, बसलोच नाही. अंतर्गत गुण आणि लेखी गुण वेगळे लिहा. लेखीत पास आणि अंतर्गतमध्ये गैरहजर अशी अवस्था वाटते त्यापेक्षा जास्त जणांची असते, आणि ती चाचणी पुन्हा देण्याची सोय कॉलेजातूनच करून घ्यावी लागते.

या कामाला तुमचा पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक लागेल. तो गुणपत्रकावर असतो. गुणपत्रक हरवलं असेल तर कॉलेजच्या कार्यालयात तुम्ही प्रवेश घेतलेलं वर्ष आणि वर्ग सांगून जनरल रजिस्टरमधून नोंद काढता येते. दहावी-बारावीचं गुणपत्रक हरवलं असेल तर राज्य मंडळाचं नाशिक विभागीय कार्यालय आहे. नाशिकबरोबरच धुळे, जळगाव आणि नंदुरबारचं कामही तिथूनच चालतं. मंडळाची ऑनलाइन ई-गुणपत्रकाची सोयही आहे.

जुन्या कागदांवर 'पुणे विद्यापीठ' लिहिलेलं पाहून काही जण विनाकारण घाबरतात. २०१४ मध्ये नाव बदलून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. विद्यापीठ तेच आहे. त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या कॉलेजात जायचं असेल तर मायग्रेशन लागत नाही, आधीच्या कॉलेजचा टीसी लागतो. मायग्रेशन लागतं ते विद्यापीठ बदलताना, उदाहरणार्थ पुणे विद्यापीठातून मुक्त विद्यापीठात जाताना.

खरी अडचण पॅटर्नची, म्हणजे त्या त्या वेळच्या अभ्यासक्रमाच्या आणि परीक्षेच्या रचनेची असते. पुणे विद्यापीठाचा २०१३ चा बीकॉम पॅटर्न वार्षिक होता. २०१९ पासून सेमिस्टर आणि क्रेडिट आले, आणि नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून सुरू झाला. तुमचा विषय जुन्या पॅटर्नचा असेल तर त्याची परीक्षा अजून होते का, होत नसेल तर नव्यातला कोणता विषय त्याच्या बरोबरीचा धरतात, हे विद्यापीठाच्या परिपत्रकावरूनच ठरतं. जुन्या विद्यार्थ्यांना विद्यापीठ अधूनमधून जादा संधी देतं. तेव्हा फॉर्म भरायला मिळणारे दिवस थोडे असतात आणि वर्षानुवर्षं चौकशी न केलेल्या माणसाला ती संधी संपल्यावरच कळते.

म्हणून तोंडी विचारू नका. साध्या कागदावर अर्ज करा : नाव, पीआरएन, पॅटर्न, राहिलेल्या विषयांची नावं, आणि एकच सरळ प्रश्न, 'हे विषय आता कोणत्या मार्गाने पूर्ण करता येतील?' सोबत गुणपत्रकांच्या झेरॉक्स लावा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. खिडकीवर मिळालेलं तोंडी उत्तर सहा महिन्यांनी कोणीच मान्य करत नाही, आवक क्रमांक असलेला अर्ज मात्र शोधावाच लागतो. पुण्याची गाडी पकडण्याआधी विद्यापीठाच्या नाशिकच्या उपकेंद्रात एकदा चौकशी करा.

वाट कोणती घ्यायची

जुळवणी झाली की वाट बहुधा आपोआप ठरते.

तीन-चार विषयच बाकी असतील आणि परीक्षा अजून होत असेल, तर जुन्या कॉलेजातून बॅकलॉगचा फॉर्म भरा. हीच सगळ्यात स्वस्त आणि जवळची वाट आहे. नवीन प्रवेशाच्या उत्साहात ही सोडून देणं म्हणजे कमावलेली दोन वर्षं फुकट घालवणं.

पहिलंच वर्ष कसंबसं झालेलं असेल, किंवा जुना पॅटर्न पूर्ण बंद झालेला असेल, तर नव्याने सुरुवात केलेली बरी. नाशिककरांचं इथे भाग्य म्हणजे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं मुख्यालय गंगापूर धरणाजवळ ज्ञानगंगोत्रीत आहे. मात्र तुमची रोजची गाठ मुख्यालयाशी पडत नाही, ती अभ्यासकेंद्राशी पडते. संपर्कसत्रं आणि अंतर्गत मूल्यमापन तिथूनच होतं. त्यामुळे घराजवळच्या केंद्रापेक्षा शनिवार-रविवारी खरोखर संपर्कसत्रं घेणारं केंद्र निवडा. प्रवेशाआधी एका रविवारी तिथे जाऊन बघा. वर्ग उघडा आहे का, शिकवणारं कोणी आहे का, हे अर्ध्या तासात कळतं.

दुसरा पर्याय इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा. त्यांचं बीकॉम कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षांत करता येतं. प्रवेश जानेवारी आणि जुलैत होतात, सत्रांत परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असते. तिथे असाइनमेंटला ३० टक्के आणि लेखीला ७० टक्के वजन आहे. असाइनमेंट हाताने लिहून वेळेत द्यायची सवय असेल तर हे गणित फायद्याचं आहे. पुणे विद्यापीठाची मुक्त अध्ययन प्रशालाही दूरस्थ पद्धतीने बीकॉम चालवते. पूर्वी ज्याला 'बाहेरून बीकॉम' म्हणायचे, त्याची जागा आता तिने घेतली आहे.

नियमित कॉलेजात प्रवेश घेऊन 'हजेरीचं बघू' म्हणणाऱ्यांना मात्र सांगायला हवं : नव्या अभ्यासक्रमात ओजेटी (कामाच्या जागी प्रत्यक्ष प्रशिक्षण), फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटलाही क्रेडिट आहेत. ते अंगावर घेऊन केल्याशिवाय मिळत नाहीत. तुमच्या कंपनीतलं काम ओजेटी म्हणून धरता येईल का, हे प्रवेश घेतानाच विभागप्रमुखांना विचारा. जमत असेल तर एक मोठा भार हलका होतो.

दूरस्थ पदवी नोकरीला चालते का, हा प्रश्न हमखास येतो. यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त संस्थेतून मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. मात्र संस्था आणि अभ्यासक्रम दोन्ही यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षासाठी असले पाहिजेत. संस्था यादीत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. 'बीकॉम' हे नाव आणि तुमचं प्रवेशाचं सत्र दोन्ही यादीत शोधा. 'एका वर्षात पदवी', 'मागच्या तारखेने प्रवेश', 'परीक्षेला बसायची गरज नाही' यातलं एकही वाक्य कानावर आलं की तिथून उठा. त्या कागदाची कंपनीने पडताळणी केली की नोकरी जाते आणि भरलेले पैसेही जातात.

नावाचा घोळ

प्रवेशासाठी एबीसी आयडी लागतो, म्हणजे तुमच्या क्रेडिटचं खातं. ते डिजिलॉकरमधून उघडता येतं. दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशाला त्याशिवाय यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा डीईबी आयडीही काढावा लागतो, आणि तो एबीसी आयडीशी जोडलेला असतो. क्रेडिट या खात्यात जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. मध्ये खंड पडणाऱ्या नोकरदारांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

अडकतं ते नावावर. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे फक्त आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. साधा मार्ग असा : विद्यापीठाचं रेकॉर्ड दहावी-बारावीच्या नावावर चालू राहू द्या, आधारवरचं स्पेलिंग त्याच्याशी जुळवून घ्या, आणि बदललेलं नाव लावायचंच असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद प्रवेशाच्या वेळीच जोडा. पदवी प्रमाणपत्र छापल्यावर नाव दुरुस्त करणं फार जिकिरीचं असतं.

मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. स्टॅम्प पेपरवर खर्च करण्याआधी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं का ते विचारून घ्या. अनेकदा चालतं.

अकाउंट्सवाल्याचं वर्ष आणि परीक्षेचं वर्ष

इथे वेळापत्रकाचा प्रश्न इतर नोकरदारांपेक्षा वेगळा आहे, कारण आपल्या कामाच्या तारखा सरकार ठरवतं. महिन्यात ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी. पगारपत्रक साधारण २८ पासून सुरू होतं. म्हणजे २१ ते २७ हा आठवडा खरा मोकळा. जड विषय याच दिवसांत बसवा आणि उरलेल्या दिवसांत रोज तास-दीड तास वाचनाचे विषय ठेवा. रोज समान तास अभ्यासाचं वेळापत्रक पहिल्या २० तारखेलाच कोलमडतं, आणि ते मोडलं की माणूस अभ्यासच सोडून देतो. तारखा बघून आखलेलं वेळापत्रक टिकतं.

वर्षाचा विचार करा. मार्च हातात नाही असंच धरून चाला. एप्रिल-मेची परीक्षा असेल तर अकाउंट्स आणि कॉस्टिंग फेब्रुवारीअखेर संपलेलं हवं. मार्चमध्ये नवीन प्रकरण सुरू करायचं नाही, फक्त सोडवलेली गणितं चाळायची. जुलैपासून रिटर्नचा सीझन, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट, आणि लगेच ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा. हे सत्र जास्त धोक्याचं, कारण सरकारने मुदत वाढवली की सगळ्या ऑफिसला दिलासा मिळतो आणि परीक्षार्थीचा मात्र घात होतो. २०२५ मध्ये टॅक्स ऑडिट रिपोर्टची ३० सप्टेंबरची मुदत आधी ३१ ऑक्टोबर आणि मग १० नोव्हेंबरवर गेली, म्हणजे काम थेट परीक्षेच्या दिवसांत घुसलं. यावर एकच उपाय आहे. मुदत वाढो न वाढो, स्वतःच्या वाट्याच्या फाइली सप्टेंबरमध्येच संपवायच्या आणि हे वरिष्ठांना जुलैतच सांगून ठेवायचं.

नाशिककरांसाठी आणखी एक : २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थातली मुख्य स्नानं आहेत. पंचवटीच्या बाजूला अभ्यासकेंद्र असेल तर त्या महिन्यांतल्या संपर्कसत्रांवर आणि गृहपाठ द्यायच्या तारखांवर भिस्त ठेवू नका. कागद आधीच जमा करा.

किती तास लागतात? इग्नू एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरते. २२ क्रेडिटच्या सत्राला त्या हिशेबाने ६६० तास होतात, म्हणजे आठवड्याला २५ च्या वर. नोकरदाराला ते शक्य नाही आणि अकाउंट्समध्ये मुरलेल्या माणसाला तेवढी गरजही नाही. आठवड्याला १० ते १२ तास सलग २२ आठवडे दिले तर सत्र निघतं. पण हे तास समान वाटायचे नाहीत. ऑडिट, टॅक्स आणि व्यवस्थापन हे कामातून अर्धे येतात. गणित-संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि इंग्रजी यांना जास्त वेळ द्या. ज्यांचं शिक्षण दहा वर्षांपूर्वी सुटलं, ते प्रामुख्याने याच विषयांत अडकतात.

गुण कुठे जातात

अनुभवी अकाउंटंट अकाउंट्सच्याच पेपरात नापास होतो, हे ऐकायला विचित्र वाटतं पण वारंवार घडतं. कारण टॅलीत एंट्री टाकली की खतावणी, तेरीज (ट्रायल बॅलन्स) आणि ताळेबंद आपोआप तयार होतात. परीक्षेत ते हाताने मांडायचे असतात. शिवाय शेअर जप्ती, भागीदारी विसर्जन, हप्ते-खरेदी, शाखा खाती असे प्रकार छोट्या कंपनीत वर्षानुवर्षं येतच नाहीत.

एक नमुना जवळून बघा. दहा रुपये दर्शनी किमतीचे २०० शेअर, शेवटचा ३ रुपयांचा कॉल न भरल्यामुळे जप्त झाले. त्यातले १५० शेअर ८ रुपयांना पूर्ण भरणा झालेले म्हणून पुन्हा दिले. जप्तीची नोंद : शेअर कॅपिटल डेबिट २,०००, फायनल कॉल क्रेडिट ६००, शेअर फॉरफिचर क्रेडिट १,४००. पुन्हा विक्री : बँक डेबिट १,२००, शेअर फॉरफिचर डेबिट ३००, शेअर कॅपिटल क्रेडिट १,५००. इथवर बहुतेकांचं बरोबर येतं. चूक शेवटच्या नोंदीत होते. १,४०० मधून ३०० वजा करून १,१०० कॅपिटल रिझर्व्हला टाकतात. पण जप्तीची रक्कम २०० शेअरची आहे आणि विकले १५० च. १५० शेअरच्या वाट्याला १,०५० येतात. त्यातून ३०० गेले, म्हणून कॅपिटल रिझर्व्हला जायचे फक्त ७५०. उरलेल्या ५० शेअरचे ३५० शेअर फॉरफिचर खात्यातच राहतात आणि ताळेबंदात शेअर कॅपिटलमध्ये मिळवून दिसतात. हे गणित आकडे बदलून पाच वेळा सोडवलं की ही चूक कायमची जाते.

अंतिम खात्यांत दुसरा सापळा समायोजनांचा. एखादी बाब तेरजेच्या आत दिली असेल तर तिचा परिणाम एकाच ठिकाणी होतो, बाहेर दिली असेल तर दोन ठिकाणी. अखेरचा साठा, देणे खर्च, घसारा, संशयित बुडीत कर्जाची तरतूद या सगळ्यांना हाच नियम लावा. मालकाने घरी नेलेला माल आणि नमुना म्हणून फुकट वाटलेला माल हे दोन्ही खरेदीतून कमी होतात, पण पहिला उचल म्हणून भांडवलातून जातो आणि दुसरा जाहिरात खर्च होतो. प्रत्येक समायोजनापुढे पेन्सिलीने दोन छोटे टिक करायची सवय लावा. दोन्ही टिक झाल्याशिवाय पुढच्या समायोजनाकडे जायचं नाही.

कॉस्टिंगमध्ये सूत्र पाठ असूनही आकडा चुकतो तो कालावधीमुळे. किफायतशीर ऑर्डर संख्या, म्हणजे एका वेळी किती नग मागवले तर एकूण खर्च सगळ्यात कमी येतो ते काढायला वार्षिक वापर लागतो. महिन्याला ५०० नग लागतात, एका ऑर्डरचा खर्च १२० रुपये, एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च ४ रुपये. वार्षिक वापर ६,००० धरला तर उत्तर ६०० नग येतं. घाईत ५०० च घातले तर साधारण १७३ येतं, आणि पुढचं सगळं चुकतं. प्रश्नातला प्रत्येक आकडा दिवसाचा, महिन्याचा की वर्षाचा, हे आधी बाजूला लिहून घ्या.

टॅक्सचा पेपर कामातला म्हणून हलका घेऊ नका. नवा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला, पण २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न १९६१ च्या कायद्यानेच भरायचं. कामात दोन कायदे, पुस्तकात तिसऱ्याच वर्षाचे दर अशी स्थिती सहज येते. पेपरला कोणतं कर निर्धारण वर्ष आहे याचं विद्यापीठाचं परिपत्रक काढा आणि त्याच वर्षाच्या दरांनी गणितं सोडवा. ऑफिसमधलं ताजं ज्ञान उत्तरपत्रिकेत घातलं तरी गुण मिळतीलच असं नाही.

हीच गोष्ट जुन्या पुस्तकांची. भावाची, मित्राची गाइडं फुकट मिळतात म्हणून घेण्याआधी तीन ठिकाणी उघडून पाहा. कंपनीच्या ताळेबंदाला 'शेड्यूल सहा' म्हटलं असेल तर ते पुस्तक कंपनी कायदा २०१३ च्या आधीचं आहे, आता शेड्यूल तीन चालतं. अप्रत्यक्ष करांत व्हॅट आणि सेवाकर असेल तर ते १ जुलै २०१७ पूर्वीचं. ग्राहक संरक्षण १९८६ चं असेल तर २०१९ चा नवा कायदा त्यात नाही. करार कायदा १८७२, माल विक्री कायदा १९३०, भागीदारी कायदा १९३२ यांची जुनी प्रकरणं मात्र बिनधास्त वापरा.

माध्यमाचंही आधी ठरवा. मराठीतून लिहायचं तर घसारा, ख्याती, येणे-देणे, राखीव निधी हे शब्द उत्तरभर तेच ठेवा. निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी लिहिलं की तपासणाऱ्याला खातं शोधावं लागतं. रोज टॅलीत इंग्रजी शब्द वापरणाऱ्यांना कंपनी अकाउंट्स इंग्रजीतून सोपं जातं, पण थिअरीचे पेपर जड जातात. म्हणून दोन्हीकडचा एक-एक जुना पेपर लिहून बघून मगच फॉर्मवर माध्यम टाका.

आणि लिहिण्याचा वेग. दिवसभर कीबोर्डवर काम करणाऱ्याचा हात पाऊण तासात दुखू लागतो. ७० गुणांना तीन तास असतील तर एका गुणाला अडीच मिनिटं मिळतात, १५ गुणांच्या गणिताला ३८. परीक्षेआधी दोन महिने दर रविवारी एक पूर्ण पेपर घड्याळ लावून, हाताने रकाने आखून, साध्या कॅल्क्युलेटरवर सोडवा. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरची आणि एक्सेलची सवय तिथे कामाला येत नाही. ताळेबंद जुळत नसेल तर दहा मिनिटांपेक्षा जास्त शोधत बसू नका. वर्किंग नोट्सना आणि टप्प्यांना गुण असतात, फरक तसाच ठेवून पुढचा प्रश्न घ्या.

फॉर्म, रजा, निकाल

परीक्षेचा फॉर्म हे नोकरदाराचं सगळ्यात मोठं गळतीचं ठिकाण. शिकवणी, अभ्यास सगळं होतं आणि फॉर्मची तारीख निघून जाते. कॉलेजचा किंवा केंद्राचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, पण त्यावर विसंबू नका. आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी विद्यापीठाचं संकेतस्थळ स्वतः उघडा. फॉर्म भरल्यावर विषयांचे कोड गुणपत्रकाशी पडताळा. बॅकलॉगच्या फॉर्ममध्ये जुन्या पॅटर्नऐवजी नव्या पॅटर्नचा कोड निवडला गेला तर हॉल तिकीट येतं, पेपर मात्र दुसराच हातात पडतो. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही तर त्याच दिवशी व्यवहार क्रमांकासह ईमेल करा.

रजेसाठी वेळापत्रक हाती आल्याबरोबर लेखी अर्ज द्या, सोबत हॉल तिकिटाची प्रत आणि बोनाफाईड. शिफ्टमध्ये असाल तर पूर्ण दिवसाच्या रजेपेक्षा शिफ्ट बदलून मागणं सोपं जातं. पेपर दुपारचा असेल तर रात्रपाळी करून थेट पेपरला जाऊ नका. गणिताच्या पेपरात जागरण लगेच दिसतं.

निकाल अनपेक्षित कमी लागला तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, ती पाहून मग पुनर्मूल्यांकनाचा निर्णय घ्या. दोन्हीची मुदत निकालापासून मोजकेच दिवस असते. छायाप्रतीत पहिल्यांदा गुणांची बेरीज आणि न तपासलेलं पान बघा, बाकी नंतर.

टक्केवारीकडेही आताच लक्ष ठेवा. सीएला फाउंडेशन न देता थेट प्रवेश हवा असेल तर वाणिज्य पदवीला किमान ५५ टक्के लागतात. ज्यांना ती वाट घ्यायची आहे त्यांनी शेवटच्या वर्षी 'फक्त पास' या हिशेबाने विषय सोडून देऊ नयेत. पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्थांच्या लेखापरीक्षणाकडे वळायचं असेल तर सहकार खात्याची जीडीसी अँड ए (सहकार आणि हिशेबशास्त्राची शासकीय पदविका) परीक्षा आहे. तीही पदवीधरांसाठी आहे आणि नाशिक जिल्ह्यात सहकारी संस्था इतक्या आहेत की तिचा उपयोग खरोखर होतो.

शेवटचं गुणपत्रक हातात पडलं म्हणजे पदवी मिळाली असं नाही. पदवी प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज आणि शुल्क असतं, दीक्षांत समारंभाच्या आधी त्याची मुदत जाहीर होते. त्या अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रकाप्रमाणे, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, अक्षर अन् अक्षर तपासून भरा. प्रमाणपत्र येईपर्यंत कंपनीत द्यायला विद्यापीठाकडून तात्पुरतं प्रमाणपत्र घ्या, आणि सगळ्या सत्रांच्या गुणपत्रकांचा एक साक्षांकित संच एचआरला देऊन सेवा नोंदीत शिक्षणाची नोंद बदलल्याची लेखी पोच मागा.